पाचटाचा वास

३ नोव्हेंबर २०२५

आजपासून क्लास पुन्हा सुरू. दीड वर्षानं गाडीच्या डाव्या सीटवर बसले, पायाखाली माझ्या बाजूचे क्लच-ब्रेक चाचपले आणि जिवात जीव आला. बारा वर्षं मी बायकांना गाडी शिकवतेय. आजारपणात लोक विचारायचे, काय हवंय? मला ही सीट हवी होती.

आजारपणाचं इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी गाठ निघाली. कॉर्डोमा. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते एखाद्या गाडीचं मॉडेल वाटलं. नाकातून ऑपरेशन झालं आणि उरलेलं जाळायला मुंबईला राहून प्रोटॉन घेतले. तेव्हा माझा नवरा भूषण सगळ्या नातेवाइकांना फोनवर समजावायचा, ‘हे साध्या रेडिएशनसारखं नसतं, नेमकं गाठीवर जाऊन थांबतं, आजूबाजूला काही होत नाही.’ इतक्या वेळा सांगितलं की शेवटी आम्हा दोघांनाही ते डॉक्टरांचंच वाक्य वाटायला लागलं.

झालं ते थोडंफार. कानाच्या वर केसांचा चट्टा गेला, परत आला तो पांढरा. कानशिलं उन्हात भाजल्यासारखी लाल झाली. उजव्या कानात दडा बसला तो अजून पूर्ण सुटलेला नाही. थकवा तर असा की कणीक मळता मळता ओट्याला टेकून उभं राहावं लागायचं. आता रोज सकाळी थायरॉइडची गोळी, ती कायमची. बाकी सगळं मागे पडलं. गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टरबाईंनी उन्हाळ्यातच सांगितलंय.

पहिल्या विद्यार्थिनी हेमाताई. नारायण पेठेत राहतात, बँकेतून निवृत्त, साठी उलटलेली. यजमान गेल्यापासून गाडी दारात धूळ खातेय. “मुलगा म्हणतो विकून टाक,” म्हणाल्या, “म्हणून शिकायचं ठरवलं.”

मला वर हेही ऐकवलं, “तुम्ही रागावत नाही असं ऐकलंय. बघू.”

११ नोव्हेंबर

दुसरी विद्यार्थिनी मिळाली. मांजरी गावातली अक्षता. पंचविशीची असेल. तिच्या छोट्या मुलीची शाळा लांब आहे आणि रिक्षावाला आठवड्यातून दोनदा दांडी मारतो, म्हणून तिला शिकायचंय. नवरा, जयसिंग, दारापर्यंत आला. नवी मोठी गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी. तिच्यावर हात ठेवून म्हणाला, “शिकवा मॅडम, पण ही लई घाबरट हाय. कुठं ठोकली तर मग तिथंच बास.” अक्षता खाली बघत होती.

छोटीला सांभाळायला घरी कुणी नसतं, म्हणून ती मागच्या सीटवर बसते. चार वर्षांची. नियमात बसत नाही, मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर अक्षता पुन्हा आली नसती.

परतताना क्लच जळाल्यासारखा वास आला. अक्षता म्हणाली, “पाचट पेटवलं असल ताई कुठंतरी. ऊसतोड झाली की जाळत्यात.” असेल.

१९ नोव्हेंबर

पहाटे गर्दी नसते म्हणून हेमाताईंना मंडईकडे नेलं. तिथेही तोच वास. मंडईत पाचट कोण जाळणार? कचरा पेटवला असेल. मी काच वर करायला सांगितली. हेमाताई म्हणाल्या, “मला कसलाच वास येत नाहीये. आणि माझं नाक अजून शाबूत आहे.”

त्याच वेळी एक विचित्र गोष्ट झाली. कोथिंबिरीच्या जुड्या छातीशी धरून एक माणूस रस्ता ओलांडत होता. मला वाटलं, आता हा वळून बघेल, मग हेमाताई हॉर्न वाजवतील. जणू सगळं एकदा होऊन गेलंय आणि मी फक्त परत बघतेय. पोटातून काहीतरी वर चढत आलं आणि निघून गेलं. भीतीच म्हणायची, पण कशाची ते कळेना.

“उजवीकडे घेऊ का म्हणून दोनदा विचारलं,” हेमाताई म्हणाल्या. “तुम्ही काही बोलेनात, म्हणून सरळ आणली.”

“लक्ष नव्हतं, सॉरी.”

“फी लक्षाचीच घेता ना?”

दुपारी गाडी शंभूच्या गॅरेजला दाखवली. क्लच ठीक, वायरिंग ठीक. बहुतेक गोळी बदलायला हवी. थायरॉइड वरखाली झालं की डोकं असंच चालतं म्हणतात.

२४ नोव्हेंबर

जेवताना भूषणनं विचारलं, “डिसेंबरचा एमआरआय कधीचा घेऊ?” मी म्हटलं, जानेवारीत करू, आता क्लासची नुकतीच घडी बसतेय. त्यानं मान हलवली आणि आमटी वाढून घेतली.

खरं कारण लिहायला काय हरकत आहे? मला ते मशीन नको आहे. आत गेलं की बाहेर येताना माणूस दुसराच कुणीतरी होऊन येतो. पहिल्या वेळी तसंच झालं. डोकेदुखी सायनसची असेल म्हणून आत गेले होते.

आणि मला काही होत नाहीये. गाठ परत आली असती तर डोकं दुखलं असतं, दोन-दोन दिसलं असतं, पहिल्यांदा झालं होतं तसं. हे तर नुसते वास.

२ डिसेंबर

आज वाईट दिवस.

अक्षता आता बरी चालवते. गिअर न बघता टाकते. आम्ही कॅनॉलच्या रस्त्यानं परत येत होतो, छोटी मागे काहीतरी गुणगुणत होती. पुढे उसानं भरलेली ट्रॉली. अंतर भरपूर होतं. पाचटाचा वास आला, आज चांगलाच उग्र. मी अक्षताला ब्रेक म्हणाले. ती घाबरली असणार, तिला ऐकू गेलं नाही. मग मी माझा ब्रेक दाबला असणार, कारण गाडी थांबली. पण उशिरा. डावा दिवा फुटला आणि ट्रॉलीबाहेर आलेला एक ऊस माझ्या समोरच्या काचेवर बसला. काचेला तडा गेलाय.

छोटी सीटवरून खाली पडली. ओठ फुटला. रक्त बघून अक्षतानं तिला उचललं आणि रस्त्याच्या कडेलाच रडायला लागली. “माझंच चुकलं ताई. माझ्या हातून पोरगी मेली असती.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, “शिकताना होतं असं. सगळ्यांकडून होतं.”

छोटीच्या ओठाला टाका नाही पडला, एवढं नशीब. घरी येऊन तशीच झोपले. साहजिक आहे.

३ डिसेंबर

अक्षताचा फोन. ती क्लास सोडतेय. “मला नाय जमायचं. हे म्हणाले होतेच.” मागून जयसिंगचा आवाज येत होता, “सांग त्यांना, फी बी परत नको.”

मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, मग बघू. ती म्हणाली, “नाय ताई. मी सारखी तेच आठवती. तुम्ही किती शांत बसला व्हता. आन मला साधा ब्रेक घावला नाय.”

शांत बसले होते? मी तर ब्रेक म्हणाले होते. घाबरल्यावर माणसाला ऐकू येत नाही, हे मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा पाहिलंय.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेलो. वंदना चालू असताना मध्येच माझी ओळ चुकली. डोळे उघडले तर सगळे बसलेले आणि मी एकटी उभी. भूषणनं हात धरून खाली बसवलं.

बाहेर आल्यावर विचारलं, “तोंडात काय होतं तुझ्या? सुपारी?”

“काही नाही.”

“चघळत होतीस काहीतरी.”

“दीड वर्षात सुपारी खाल्लेली पाहिलीस का मला?” मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. मला स्वतःचाच राग आला. झोप नीट होत नाहीये.

१२ डिसेंबर

त्या बाईनं आज जे केलं ते मी विसरणार नाही.

लक्ष्मी रोडच्या अलीकडे गाडी कडेला लावून मी हेमाताईंना रिव्हर्स समजावत होते. आरसा, मान, मग क्लच. त्या म्हणाल्या, “झालं सांगून?” मी म्हटलं, “झालं.” त्यांनी किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली.

“हे काय?”

“आरसा म्हणालात आणि थांबलात. मी तीनदा हाक मारली. डोळे उघडे होते, पण तुम्ही तिथे नव्हतात. हातानं ओढणी चिवडत होतात, अशी. मग एकदम ‘मान, मग क्लच’. मधलं काहीच झालं नाही असं.”

“विचारात होते मी.”

“मी बँकेत तीस वर्षं काउंटरवर काढली, बाई. विचारात असलेली माणसं मला ओळखता येतात. हे ते नव्हे. यजमानांना फोन लावा, नाहीतर नंबर द्या, मी लावते.”

मी बरंच बोलले. तुमच्या वयात गाडी शिकायला निघालात तेव्हा सगळे हसत होते, मी शिकवायला तयार झाले, असंही बोलले. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, “रागावता येतं म्हणजे तुम्हाला. आता फोन.”

भूषण पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून तसाच आला, गळ्यात ओळखपत्र. हेमाताई त्याच्याशी फुटपाथवर उभ्या राहून हळू आवाजात बोलल्या. मी गाडीत. माझ्याच गाडीत, किल्ली नसलेल्या. त्यानं एकदाच वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं. सहा तारखेपासून त्यालाही काहीतरी वाटत होतं तर. मग बोलला का नाही?

मी तरी कुठे बोलले.

१३ डिसेंबर

एमआरआय झाला. मशीनच्या ठोक्यांत मी गिअर मोजत पडले होते. आत वास आला नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, “पोटातून वर चढल्यासारखं होतं? आधी घडून गेल्यासारखं वाटतं? जळल्याचा वास?” एकेक विचारत होत्या आणि मी हो म्हणत होते. भूषण माझ्याकडे न बघता समोरच्या टेबलावरचं पेपरवेट फिरवत होता.

“कधीपासून?”

“पाचट जाळायला लागले तेव्हापासून,” मी म्हटलं. कुणीच हसलं नाही.

या फिट्सच आहेत म्हणाल्या. खाली पडून हातपाय झाडायची ती फिट नव्हे, ही वेगळी. कारण मात्र रिपोर्ट आल्यावरच.

१७ डिसेंबर

रिपोर्ट आला आणि काहीच कळलं नाही. उजव्या कानाच्या वर, आत मेंदूला सूज आहे आणि मध्ये एक चकाकणारा ठिपका. गाठ पुन्हा वाढली असेल, किंवा प्रोटॉननं तिथला भाग मेला असेल. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. आता तिथे रक्त किती फिरतंय ते बघायचा दुसरा स्कॅन. तोवर थांबायचं.

रक्त जास्त फिरत असेल तर गाठ. कमी असेल तर भाजलेलं. भूषण देव मानत नाही, मीही नाही. तरी आज तो भाजी निवडताना पुटपुटत होता, “कमी असू दे, कमी असू दे.” गवारीला सांगत होता बहुतेक.

फिट्सची गोळी सुरू केलीय. डोकं जड होतं. सकाळी चहात मीठ पडलं म्हणून मी कप भिंतीवर मारला. असं मी कधीच केलं नव्हतं. गोळीनं चिडचिड होते म्हणे. भूषणनं काचा उचलल्या आणि म्हणाला, “कप जुनाच होता.”

२२ डिसेंबर

गाठ नाही.

भूषण खुर्चीतच वाकला आणि तोंड ओंजळीत लपवलं. मी त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले आणि डॉक्टरबाईंना विचारलं, “पण प्रोटॉननं आजूबाजूला काही होत नाही ना?”

“कमी होतं,” त्या म्हणाल्या. “किरण एका खोलीवर जाऊन थांबतो, त्यामुळे पलीकडचं वाचतं. पण तुमची गाठ मेंदूला लागून होती. तिथे कडेला डोस जाणारच होता. काही जणांना त्याचा परिणाम वर्षा-दोन वर्षांनी दिसतो. हे सुरुवातीला सांगितलं होतं तुम्हाला.”

सांगितलं असेल. आम्ही त्यातलं आम्हाला हवं तेवढं घरी आणलं.

स्टेरॉइडनं सूज उतरेल, नाही उतरली तर दुसरं इंजेक्शन आहे. गाडी चालवायची नाही. शिकवायचीही नाही. किती दिवस, ते आज सांगता येणार नाही. मी मान डोलावली. हे मला त्या दिवशी हेमाताईंनी किल्ली पर्समध्ये टाकली तेव्हाच कळलं होतं.

मग मी आणखी एक प्रश्न विचारला. फिट असते तेवढ्या वेळात माणूस बोलू शकतो का? पायानं काही दाबू शकतो का?

“ओठ, हात हलतात. आपोआप. पण ठरवून काही करता येत नाही. आणि नंतर ते आठवतही नाही. मागचं-पुढचं जोडून मेंदू स्वतःच मधलं भरून काढतो.”

दोन तारखेचं पान काढून वाचलं. ‘दाबला असणार’. माझंच अक्षर. मी ब्रेक म्हणालेच नव्हते.

२८ डिसेंबर

स्टेरॉइडनं सतत भूक. दुपारी पावाची अख्खी लादी संपवली. चेहरा सुजून गोल झालाय. पण वास येणं थांबलंय.

भूषणला सांगितलं, मला अक्षताकडे जायचंय.

“कशाला?”

“तिला वाटतंय तिचं चुकलं.”

“तिच्या मुलीला लागलंय, आमू. तो जयसिंग पोलिसात जाईल. क्लास तसाही बंदच झालाय. आता हे उकरून तिला काय मिळणार?”

“ती पुन्हा गाडीला हात लावेल.”

“आणि तुला काही झालं तर? मी पुन्हा सगळं...” तो थांबला. “मीच सांगत फिरलो ना सगळ्यांना, काही होत नाही म्हणून.”

मी म्हटलं, “मीही तेच ऐकत फिरले.”

त्यावर पुढे बोलणं झालं नाही. चार-पाच दिवसांत विषय मागे पडेल असं त्याला वाटत असावं. मलाही मधूनच तसं वाटतं, हे लिहायला हवं. तिनं दुसऱ्या कुणाकडे शिकायला सुरुवात केली असेल, विसरली असेल. असं काय काय.

४ जानेवारी २०२६

गेले.

भूषण येणार नव्हता. सकाळी मी रिक्षा बघायला खाली उतरले तर स्कूटर चालू करून बसलेला. अक्षताच्या फाटकापाशी उतरवलं आणि म्हणाला, “मी इथेच आहे.”

रविवार, त्यामुळे जयसिंग घरी होता. माझा सुजलेला चेहरा बघून अक्षता दचकली. “ताई, काय झालं? बसा ना.” छोटी सोफ्यावर रंगवत बसली होती. अक्षता चहाला आत निघाली, मी तिला थांबवलं. आधी ऐक म्हटलं.

सगळं सांगितलं. गाठ, प्रोटॉन, वास, मंडई, हेमाताई. “त्या दिवशी गाडीत मला फिट आली होती. मी तुला ब्रेक म्हणाले नाही. काहीच म्हणाले नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. मी तुला चुकलं असं वाटू दिलं.”

जयसिंग उठून उभा राहिला. “म्हंजे तुम्हाला म्हाईत असून माझ्या पोरीला गाडीत बसवली?”

“फिट आहे हे माहीत नव्हतं. पण काहीतरी होतंय हे माहीत होतं. तपासायची भीती वाटली.”

“तुमच्या भीतीपायी...” तो पुढे बोलला ते इथे लिहीत नाही. त्यातलं काही खोटं नव्हतं. शेवटी म्हणाला, “महिनाभर झोपत नाय ही. रडत उठती. आन मी हिलाच बोलत व्हतो.” शेवटचं वाक्य बोलून तो पुन्हा खाली बसला.

अक्षता अजून उभीच होती. “मी वरडले व्हते,” ती म्हणाली. “ताई, ताई म्हणून. तुम्ही माझ्याकडं बघितलं. बघितलं आन तोंड हलवत राहिलात. मला वाटलं तुम्ही चिडलात माझ्यावर.”

तिनंच पुढे विचारलं,

“मग ब्रेक कुणी दाबला?”

“तू.”

“तुमच्या बाजूला बी हाय की ब्रेक.”

“माझ्या बाजूला कुणीच नव्हतं, अक्षता. गाडीत मोठं माणूस तू एकटीच होतीस. तू थांबवलीस गाडी.”

तिनं छोटीकडे पाहिलं. ओठावरची खूण अजून दिसते. मग जयसिंगकडे वळली आणि जोरात नाही, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “ऐकलं का? मी थांबवली.”



मला वाटलं, आता ती माझ्या शेजारी येऊन बसेल. स्वभावच आहे तिचा तसा. ती जागची हलली नाही.

“सांगितलंत ते बरं केलंत,” म्हणाली. “आता जावा तुम्ही. आन परत येऊ नका, ताई.”

मी उठले, चपला घातल्या. फाटकाबाहेर भूषण स्कूटरला टेकून उभा होता. आतला आवाज त्याला ऐकू आला असणार, तरी विचारलं, “माफ केलं?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. घरी चल, गोळीची वेळ झालीय.”